शकूची आठ, रामाची सहा

बोईसरला हितेशच्या गॅरेजात शनिवारी जी गर्दी असते ती सगळी शौकिनांची. कुणाला वीस वर्षांची जुनी गाडी रस्त्याला पोट घासेल इतकी खाली हवी असते, कुणाला नुसती तशी दिसायला हवी असते, आणि प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये कुठल्यातरी परदेशी गाडीचा फोटो असतो. नोव्हेंबरातल्या एका शनिवारी त्या गर्दीत सातपाटीची शकू आपली मासळीची व्हॅन घेऊन घुसली. पोरांनी आधी नाकं धरली आणि मग वाट दिली.

व्हॅन पंधरा वर्षांची. मागच्या सीटा कधीच काढून टाकलेल्या, तळाला पत्रा ठोकलेला, दाराच्या कडा खाऱ्या पाण्याने खाल्लेल्या. गॅरेजच्या तोंडाशी एक लहानसा खड्डा आहे. त्यातून ती आत आली तेव्हा मागून असा धाडकन आवाज झाला की समोरचा चहावालासुद्धा किटली खाली ठेवून बघायला लागला.

शकू उतरली. पंचेचाळिशीची, ठेंगणी, अंबाड्यात अबोलीचा गजरा आणि आवाज अख्ख्या बाजाराला पुरेल एवढा.

"कोन हाय मालक?"

हितेश गाडीखालून बाहेर आला. हा जवळच्या पाम गावचा पोरगा, घरची चिकूची वाडी सोडून ग्रीसमध्ये हात घालणारा. "मी. काय झालं मावशी?"

"गाडी खाली बसवायची हाय. आठ बोटं."

पोरं खो खो हसली. त्यातला एक म्हणाला, "मावशी, रेस लावायची हाय काय?"

"तुज्या गाडीबरोबर?" शकू म्हणाली. "तुजी तर रिकामी पन चढाव चढत नव्हती, मगाशी पुलावर बगितली मी."

आता पोरं त्या पोराला हसली. हितेश मात्र हसला नाही, कारण तो व्हॅनच्या मागच्या चाकाशी वाकला होता आणि त्याला तिथे जे दिसलं ते हसण्यासारखं नव्हतं. मागच्या दोन्ही स्प्रिंगांचे दोन-दोन वेढे ग्राइंडरने कापून टाकलेले होते.

"हे कोनी केलं?"

"आमच्या गल्लीतल्या वेल्डरनं," शकू म्हणाली. तिचा आवाज जरा खाली आला. "मीच सांगितलं. कापली का खाली बसंल, एवडंच मला म्हाइत."

हितेशने जॅक लावून गाडीचं बूड उचललं आणि शकूला खाली वाकायला लावलं. चाक लोंबलं तशी स्प्रिंग आपल्या वाटीतून सुटून मोकळी खुळखुळायला लागली. "बगा. स्प्रिंग आखूड झाली, पन शॉकअप जुनाच, लांब. गाडी खड्ड्यावरून उडाली का शॉकअप चाकाला खाली जाऊ देतो, स्प्रिंग तिथपर्यंत पोचत नाय. मग ती परत बसताना धाडकन आपटते. एक दिवस बसनारच नाय, बाहेर पडंल. आनि स्टेरिंगवर तुमी असाल."

शकूने स्प्रिंगकडे बघितलं. त्या दोन वेढ्यांसाठी तिने वेल्डरला चार पापलेटंही दिली होती. तिला स्वतःचीच लाज वाटली.

"पन तुमाला आठ बोटं कशाला पायजे?" हितेशने विचारलं. "मासळीच्या गाड्या तर लोक उचलून घेतात, वजनानं बसू नये म्हनून."

मग शकूने सांगितलं. सांगताना ती पोरांकडे नाही, त्या लोंबणाऱ्या चाकाकडे बघत होती.

शकूचा नवरा रामा हा वीस वर्षं बोटीवरचा तांडेल. समुद्रात बोटीवर शब्द चालतो तो तांडेलाचा, बाकीच्यांनी फक्त हात चालवायचे. दोन वर्षांपूर्वी एका ओहोटीला, बोट धक्क्यापासून खूप खाली गेलेली असताना, घाईने शिडी उतरताना त्याचा पाय शेवाळावर सटकला आणि तो बोटीच्या काठावर पाठीवर पडला. कमरेखालचं सगळं गेलं. "भरती यायची वाट बगायला पायजे होती," एवढंच तो त्या दिवसाबद्दल बोलतो. हजार वेळा बोटीवर चढलेला माणूस अर्धा तास थांबला नाही, याचं त्याला पाय गेल्यापेक्षा जास्त लागलं होतं.

हॉस्पिटलातून घरी आणलं तेव्हा गल्लीत रुग्णवाहिकेभोवती माणसं जमली. त्याचा धाकटा भाऊ प्रताप आणि शेजारचे तिघे पुढे झाले, त्यांनी त्याला चादरीसकट उचलून ओट्यावर ठेवलं. प्रेमानेच केलं. पण रामाने वर आकाशाकडे बघत चौघांचे चार खांदे पाहिले, आणि ओट्यावर टेकल्यावर सांगून टाकलं, "चौगांनी उचलायचं ते आता एकदाच. तवर मला कोन हात लावनार नाय."

आणि त्याने ते पाळलं. व्हीलचेअर मिळाली होती, पण तिला उंबऱ्यावरून ढकलायला मागे माणूस लागतो म्हणून ती कोपऱ्यात गेली. बोटी बांधणाऱ्या सुताराकडून त्याने सागाचा एक पाट करून घेतला, खाली चार चाकं. त्यावर बसायचं, दोन हातांत दोन लाकडी ठोकळे घ्यायचे आणि जमिनीला रेटा देत घरभर फिरायचं. जाळी विणायची, सुया भरायच्या, शेजारणींशी भांडायचं, सगळं त्या पाटावरून. पण ओट्याच्या कडेपुढे नाही. धक्का घरापासून तीनशे पावलांवर, आणि रामाने तो दोन वर्षांत बघितला नव्हता.

शकूला त्याचा राग यायचा. राग आला की रडू यायचं, आणि रडू आलं की पुन्हा राग. पण तिने स्वतः गाडी शिकून घेतली. त्या दोन महिन्यांत सातपाटीची कुत्री रस्ता सोडून झोपायला लागली होती, असं अजून सांगतात. धक्क्यावरून मासळी घ्यायची, बोईसरचा बाजार आणि मग तारापूरच्या कॉलनीच्या गल्ल्या करायच्या, हे तिचं रोजचं. एकदा ओट्यासमोरच्या बोंबील वाळवायच्या जागेत तिने व्हॅन मागे घेतली आणि तिच्या डोक्यात आलं की व्हॅनचा तळ आणि ओटा जवळजवळ एका रेषेत आहेत. रामा जेवून झोपला होता. तिने हळूच हात लावून मोजलं. तळ ओट्यापेक्षा आठ बोटं वर होता.

"आठ बोटं नसती," ती हितेशला म्हणाली, "तर तो पाटावरून सरळ आत गेला असता. त्याचा तो. कोनी न उचलता."

मघाच्या पोराने आपली गाडी जरा बाजूला घेतली, उगाचच.

"मग ओटाच उचला ना आठ बोटं," हितेश म्हणाला.

"आनि पावसाचं पानी घरात घेऊ? ओटा उचलला का उंबरा खाली जातो रे बाला."

"मग लांब फळी लावा, म्हंजे चढ कमी होईल."

"चार फुटांची लावली. त्याच्यावर लांब लावली तर वट्यावर पाट वळवायला जागा नाय."

म्हणजे बाईने सगळा विचार केला होता, फक्त स्प्रिंगचा सोडून. हितेशने खिशातून स्टीलची पट्टी काढली. "हात द्या. बोटं कोनाची, ते आधी कळू दे." त्याने तिची बोटं जोडून मोजली. आठ बोटं म्हणजे चौदा सेंटीमीटर. त्याने मान हलवली. "चौदा कोनाचा बाप पन देनार नाय मावशी. पन चला, एका मानसाकडं जाऊ."

तो माणूस म्हणजे एमआयडीसीतल्या एका पत्र्याच्या शेडमधला रामनाथ. पंचवीस वर्षांपूर्वी उत्तरेतून आला आणि तेव्हापासून स्प्रिंगा वळतोय. कारखान्यांच्या झडपांच्या बोटाएवढ्या स्प्रिंगांपासून ट्रकच्या मांडीएवढ्यांपर्यंत सगळ्या. लालभडक सळई दांड्यावर गुंडाळली जाते आणि तेलात चर्रकन बुडते, ते शकू तोंड उघडं टाकून बघत राहिली.

रामनाथने कापलेली स्प्रिंग हातात घेतली आणि मेलेल्या उंदराकडे बघावं तसं तिच्याकडे बघितलं. मग त्याने शकूला एकच विचारलं. "गाड़ी में रोज़ वज़न कितना?"

"मासळी दीडशे किलो. बर्फ शंभर," शकू म्हणाली. "आनि मी. माजं लिहू नका."

रामनाथ हसला आणि मग कागदावर बराच वेळ आकडेमोड करत बसला. शेवटी त्याने आपली चार बोटं वर केली. "इतना होगा। आठ नहीं। इससे नीचे किया तो भरी गाड़ी का पेट एक्सल पे बैठेगा, और मछली के साथ मावशी भी उछलेगी।"

हितेशने वाटेत ते तिला समजावलं. नुसती आखूड स्प्रिंग चालत नाही, आखूड केली की ती तेवढी कडकही वळावी लागते, म्हणजे रिकामी गाडी खाली बसते पण भरलेली आपटत नाही. आणि शॉकअप त्याच मापाचा आखूड करून, आत घट्ट तेल घालून, त्याच स्प्रिंगच्या जोडीने बसवावा लागतो. दोघांचं जमलं पाहिजे, एकट्याने भागत नाही. पुढूनही थोडी खाली घ्यावी लागणार, नाहीतर गाडी नाक वर करून चालेल.

"म्हंजे चार बोटं," शकू म्हणाली.

"चार. तुमची."

निम्मं. तिने खिडकीबाहेर बघितलं. तिला वाटलं होतं की सगळं नाहीतर काहीच नाही, आणि हातात आलं होतं निम्मं. निम्म्याचं काय करायचं ते तिला कळेना. पण कापलेल्या स्प्रिंगांवर तर गाडी चालवता येत नव्हती. ती म्हणाली, "कर."

पुढच्या शुक्रवारी काम झालं. मिठाने खाल्लेले बोल्ट निघता निघेनात. हितेशने ते तापवले, ठोकले, शिव्या दिल्या, आणि शेवटी ज्या पोराने रेसचं विचारलं होतं तोच लांब पाइप घेऊन त्या पान्यावर लोंबकळला तेव्हा शेवटचा सुटला. नव्या स्प्रिंगा काळ्या, तेलकट, घट्ट. गाडी जॅकवरून खाली आली, बसली आणि हलली नाही. हितेशने शकूला गॅरेजच्या तोंडच्या त्या खड्ड्यातून तीन वेळा नेऊन आणलं. एकदाही धाडकन वाजलं नाही.

"आता तुमची गाडी माज्यापेक्षा भारी दिसते," तो पोरगा म्हणाला, आणि ते खरं होतं. पंधरा वर्षांची मासळीची व्हॅन एकदम रुबाबात उभी होती.

घरी रामा ओट्यावर जाळ्याची गाठ मारत बसला होता. व्हॅन मागे येऊन ओट्याला लागली आणि त्याची सुई थांबली. वीस वर्षं ज्याने पाण्यातली बोट एका नजरेत जोखली त्याला हे दिसायला वेळ लागला नाही.

"शके, गाडी बसली काय? स्प्रिंग तुटली?"

"तुटली नाय. बसवून आनली."

"कशाला?"

शकूने ठरवलं होतं की गोड बोलायचं, हळूहळू विषय काढायचा. पण गोड बोलायची तिला सवय नव्हती. "तुमच्यासाठी," ती म्हणाली. "दोन वर्सं वट्यावर बसलाय. मी रोज धक्क्यावरून येते आनि मला वाटतं, आज तरी इचारतील का कोन भेटला, आज तरी येतो म्हनतील. तुमाला कोनी उचलायला नको ना? मग नाय उचलत. पन गाडी खाली आनायला माजे हात बांदले नव्हते कोनी."

रामा आधी रागावला, ते त्याच्या कानांवरून कळत होतं. कान लाल व्हायचे त्याचे. मग त्याने पाट पुढे रेटला, ओट्याच्या कडेशी आला आणि ओटा आणि व्हॅनचा तळ यांच्यामध्ये हात धरला.

"आदी किती होतं?"

"आठ बोटं. आता चार राहिली."

रामाने पुन्हा मोजलं. "तीन."

"चार हायत. मी मोजलीत."

"तुज्या बोटांनी." त्याने आपला पंजा तिच्यासमोर धरला. दोरखंड ओढून ओढून एकेक बोट केवढंतरी जाड झालेलं. "माजी तीनच. म्हंजे आदी आठ नव्हती शके, सहा होती."

शकूला हसू आलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी एखाद्या गोष्टीवर वाद घातला होता. तिने पटकन फळी लावली, त्याचं मन बदलायच्या आत.

रामाने ठोकळे हातात घेतले आणि रेटा दिला. पाटाची पुढची चाकं फळीवर चढली. अजून एक रेटा. तो अर्ध्यावर गेला. गुळगुळीत फळीवर ठोकळ्यांना पकड मिळेना, दंडांच्या शिरा टरारल्या, आणि पाट हळूहळू मागे यायला लागला. शकूचा हात आपोआप पुढे गेला.

"हात नको!"

तो मागे आला, ओट्यावर, होता तिथेच. दुसऱ्यांदाही तसंच झालं. तिसऱ्यांदा त्याने केलंच नाही. ठोकळे बाजूला ठेवले आणि पाट वळवून घरात गेला. गल्लीतून कोणी बघितलं नाही हेच नशीब.

शकू फळीवर बसून राहिली. तीन बोटं, तेवढ्यासाठी. तिला रामनाथचा राग आला, हितेशचा आला, ओटा बांधणाऱ्या सासऱ्याचाही आला. मग ती उठून भात टाकायला गेली, कारण दुसरं काय करणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ती धक्क्यावर मासळी भरत होती तेव्हा प्रताप आला. दोघा भावांची बोट, 'आनंदी', आईच्या नावाची, यंदा पावसाळ्यात दुरुस्तीला काढली होती. डाव्या अंगाच्या फळ्या बदलल्या, आणि तेव्हापासून ती पाण्यात एका अंगाला कलत होती. "वहिनी, सगळे बगून गेले," प्रताप म्हणाला, "कोनाला कळत नाय. दादानं एकदा नुसती बगितली असती."

"फोटो दाखव त्यास्नी."

"दाखवला. म्हनाला, फोटोत बोट हलत नाय, काय कळनार?"

शकू मासळी आणि बर्फ भरून निघाली. पण पैशांची पिशवी घरीच राहिली होती, म्हणून भरलेली व्हॅन घेऊन ती घरी आली आणि सवयीने ओट्याला मागे लावली. रामा चहा पीत बसला होता. कालपासून दोघं एकमेकांशी जेवढ्यास तेवढंच बोलत होते. ती पिशवी घेऊन बाहेर आली तर रामाचा चहा बशीत तसाच, आणि तो व्हॅनकडे बघत होता. डोळे बारीक करून, मान जराशी तिरकी. शकूने ती नजर ओळखली. बोट भरत असताना तिच्या अंगावरची पाण्याची रेघ तो असाच बघायचा.

तो पुढे आला, हात लावला.

"शके, आज दीडच बोट हाय."

"तुमचं का माजं?"

"माजं, माजं! गाडी भरली म्हनून बसली." त्याचा आवाज चढला. "बर्फ किती हाय?"

"तीन क्रेट."

"अजून तीन आन. पुडं नको ठेवू, मागच्या चाकांच्या बरोबर वर ठेव. कडक हाय स्प्रिंग, आपटनार नाय ना?"

"रामनाथनं हिशोब केलाय. माजं वजन सोडून."

"तुजं सोडलं? मग दोनच आन."

शकूने त्याला एक शिवी दिली आणि पळत सुटली. खरंच पळत. बर्फाच्या कारखान्यावरची माणसं विचारत राहिली, एवढी मासळी कुठे लागली म्हणून. ती तीन क्रेट हातगाडीवर घालून घेऊन आली आणि चाकांच्या वर एकावर एक रचले. गाडी थोडी खाली गेली, आणखी थोडी, आणि थांबली. रामाने फळी स्वतः ओढून लावली. ती जवळजवळ सपाट पडली.

"ओहोटीला चढायला गेलो काल," तो म्हणाला. स्वतःशीच म्हणाला. "दुसऱ्यांदा तीच चूक."

त्याने ठोकळे टेकले. शकूने आपले दोन्ही हात पदरात घट्ट गुंडाळून घेतले, चुकून पुढे जायला नकोत म्हणून. एक रेटा, दुसरा, पुढची चाकं तळाच्या पत्र्यावर वाजली, तिसऱ्याला मागची. तो आत होता. पापलेटांच्या आणि बर्फाच्या क्रेटांमध्ये, मान जरा वाकवून, ओल्या पत्र्यावर. त्याने पाट दाराकडे वळवला आणि दोरखंडाने क्रेटांना बांधून घेतला, तांडेलाची गाठ मारून.

"चल," तो म्हणाला. "भरतीचा टाइम हाय."

धक्क्यावर शकूने व्हॅन उलटी लावली आणि मागचं दार वर उचललं. माणसं थबकली. दोन वर्षांनी रामा तांडेल मासळीच्या मधोमध बसून समुद्राकडे बघत होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. वाऱ्याने, असं त्याने नंतर सांगितलं. प्रताप धावत आला. रामाने 'आनंदी'कडे बघितलं, एक लाट, दोन लाटा, तीन.

"नव्या फळ्या ओल्या लाकडाच्या घातल्यास," तो म्हणाला. "त्या जुन्यांपेक्षा जड हायत. वजन डाव्या अंगाला जातंय. तळातले वजनाचे दगड हातभर उजवीकडं घे. पुडच्या पावसाळ्यात बोट वर काढून फळ्या सुकल्या का दगड परत जाग्यावर."

प्रताप मग म्हणाला, "दादा, उतरतोस?"

"आता कसा उतरू? इथं वटा नाय, आनि भरलेली गाडी माज्या वजनानं घरच्या वट्याच्या पन खाली गेलीय, पाट वर चढनार नाय." रामा म्हणाला. "मासळी विकल्याबिगर माजी सुटका नाय."

हे शकूच्याही लक्षात आलं नव्हतं. चढायला भरलेली गाडी हवी आणि उतरायला रिकामी, म्हणजे घरचा ओटा गाडीच्या खाली राहील आणि पाट आपोआप उतारावरून जाईल. तोपर्यंत रामाला तिच्याबरोबर फिरणंच भाग होतं. आणि माणसाला घरी जायची घाई असली की तो मासळी कशी विकतो, ते त्या दिवशी बोईसरने बघितलं. दुपारच्या आत बाजारातले निम्मे क्रेट रिकामे झाले. तांडेल स्वतः सांगतोय म्हटल्यावर मासळी ताजी आहे का, हे कोणी विचारलंच नाही. तारापूरच्या कॉलनीत तर एका बाईने भाव पाडायला सुरुवात केली तेव्हा रामा म्हणाला, "ताई, घ्या हो लवकर, मला घरी जायचंय," आणि बाईने गोंधळून दोन किलो जास्तच घेतली. शकू हसून हसून बेजार झाली. कॉलनीच्या फाटकाबाहेरच्या स्पीडब्रेकरवर गाडी नुसती वर झाली आणि खाली आली. आवाज झाला नाही. रामा मागून ओरडला, "पोरगं हुशार हाय तुजं बोईसरचं!"

चार वाजता रिकामी व्हॅन ओट्याला लागली. बातमी आधीच गल्लीत पोचली होती. प्रताप आला होता आणि शेजारचे ते तिघे, दोन वर्षांपूर्वीचे तेच. शकूने दार उचललं तशी चौघे पुढे सरले, हात पसरून, सवयीने आणि मायेने.

"थांबा," रामा म्हणाला.

चौघे थांबले. त्याने गाठ सोडली. फळी लावली. तळापासून ओट्यापर्यंत तीन बोटांचा उतार होता, त्याच्या बोटांनी तीन. त्याने एकच ठोकळा टेकला आणि पाट फळीवरून घरंगळत खाली आला, ओट्याच्या मधोमध येऊन थांबला. शकूने पदरातले हात सोडले आणि डोळे पुसले, आणि कोणी बघतंय याची तिला पर्वा नव्हती.

चौघे अजून तसेच उभे होते, रिकाम्या हातांनी, आता काय करायचं ते न कळून. रामाने वळून त्यांच्याकडे बघितलं.

"चौगं आलाच हाय तर उगं उभं काय राहता," तो म्हणाला. "ते रिकामे क्रेट उतरवा. उद्या सकाळी परत भरायचेत."